पुढचा चौक कोणता?

बीड जिल्ह्यातले कपिलधार तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. बीड शहराच्या दक्षिणेला, बालाघाटच्या डोंगररांगेत, एका दरीत हे ठिकाण आहे. पावसाळ्यात तेथे कड्यावरून धबधबा कोसळतो. जवळच संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते आणि मराठवाड्यातून, कर्नाटकातूनही, पायी दिंड्या येतात.

आता असे समजा की, अंबाजोगाईचा एक मुलगा प्रथमच सायकलवरून कपिलधारला निघाला आहे. त्याच्याजवळ नकाशा नाही. अंबाजोगाईत तो विचारतो, "कपिलधारला कसे जायचे?" लोक म्हणतात, "केजला जा." केजला विचारले की लोक सांगतात, "नेकनूरवरून मांजरसुंब्याला जा." मांजरसुंब्याला चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. उत्तरेकडचा बीडला जातो, दक्षिणेकडचा चौसाळ्यावरून धाराशिव आणि सोलापूरकडे, पश्चिमेकडचा पाटोदा व जामखेडकडे, आणि पूर्वेकडचा म्हणजे आपला मुलगा ज्याने आला तो केजचा. या चौकात चौकशी केली की कपिलधारचा फाटा कोठे लागतो ते कळते आणि मुलगा दरीत उतरतो.

यातली गंमत तुमच्या ध्यानात आली का? अंबाजोगाईच्या माणसाला कपिलधारचा फाटा नेमका कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. त्याने फक्त पुढचा चौक सांगितला. पुढच्या चौकाने त्याच्या पुढचा सांगितला. संपूर्ण वाट कोणालाच माहीत नव्हती, तरी मुलगा बरोबर पोहोचला!

तुमच्या घरातल्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून निघालेला संदेश जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो, तो अगदी याच रीतीने. धबधब्याच्या पाण्याला वाट सांगावी लागत नाही, कारण गुरुत्वाकर्षण त्याला उताराने खाली नेते. पण तारेतून धावणाऱ्या विजेच्या संदेशाला किंवा काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाच्या संदेशाला असा उतार नसतो. त्याला प्रत्येक चौकात पाटी लागते. हा चौक म्हणजे 'राउटर' नावाची पेटी, आणि पाटी म्हणजे त्या पेटीतला मार्गांचा तक्ता. काही पाट्या राउटर स्वतः तयार करतो, तर काही आपण आपल्या हाताने लिहू शकतो. हाताने लिहिलेल्या पाटीला 'स्टॅटिक रूट' म्हणजे स्थिर मार्ग म्हणतात. अशी एक पाटी आज आपण लिहून पाहू या. ती चुकली तर काय अनर्थ होतो, तेही पाहू या.

संपूर्ण वाट लिहिण्याचा जमाना

"पण पाठवणाऱ्यानेच संदेशावर सगळी वाट का लिहून देऊ नये?" असे तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. एके काळी तसे करीतही असत. भारतात १९८६ साली 'एर्नेट' नावाचा प्रकल्प सुरू झाला. देशातील संशोधन आणि शिक्षण संस्थांचे संगणक एकमेकांना जोडणे हा त्याचा हेतू होता. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी या त्यातल्या दोन प्रमुख संस्था. सुरुवातीच्या दिवसांत तेथून ई-मेल जाई ती टेलिफोनच्या तारांवरून, 'यूयूसीपी' नावाच्या पद्धतीने. या पद्धतीत पत्त्यामध्ये वाटेतल्या संगणकांची नावे क्रमाने लिहिता येत आणि दोन नावांच्या मध्ये उद्गारचिन्ह घालत. म्हणजे अंबाजोगाईच्या मुलाने घरून निघतानाच 'केज! नेकनूर! मांजरसुंबा! कपिलधार!' अशी चिठ्ठी खिशात ठेवावी, तसे हे झाले.

यात अडचण कोणती, ते उघड आहे. पाठवणाऱ्याला सगळा नकाशा पाठ हवा. वाटेतला एक संगणक बंद पडला, की चिठ्ठी निकामी. जाळ्यात दहावीस संगणक असतील तोवर हे चालते, लाखो झाले की चालत नाही. म्हणून इंटरनेटमध्ये पाठवणाऱ्याने फक्त मुक्कामाचा पत्ता लिहायचा आणि वाट चौकांनी ठरवायची, अशी वाटणी करण्यात आली.

संदेश एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि मुक्कामाचा असे दोन पत्ते असतात. या तुकड्याला आपण सरळ 'पाकीट' म्हणू या.

पत्त्याचे दोन भाग

पाकिटावरचा पत्ता म्हणजे चार संख्या, मध्ये टिंबे. उदाहरणार्थ, १९२.१६८.२.२०. यातली प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते. २५५ च का? कारण प्रत्येक संख्येसाठी द्विमान पद्धतीतले आठ अंक, म्हणजे आठ 'बिट', राखून ठेवलेले आहेत आणि आठ बिटांत २५६ वेगवेगळ्या संख्या बसतात. चार संख्या मिळून ३२ बिट होतात. पत्त्यांची ही पद्धत १९८१ साली निश्चित झाली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. हल्ली याहून लांब, १२८ बिटांचे पत्तेही वापरात आहेत, पण घरातल्या राउटरमध्ये तुम्हांला अजून बहुधा हेच ३२ बिटांचे पत्ते भेटतील.

आता टपालाकडे वळू या. आपल्या पत्रांवर सहा आकडी पिन कोड असतो. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची योजना आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. बीडचा पिन आहे ४३११२२. दूरच्या राज्यातील टपाल निवडणाऱ्याला हे सहाही आकडे वाचावे लागत नाहीत. पहिला ४ पाहिला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांच्या बाजूला टाकायचे हे त्याला समजते. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांचा पिन ४३१ ने सुरू होतो. त्यामुळे पत्र जवळ येते तेव्हा पहिले तीन आकडे उपयोगी पडतात. शेवटचे तीन आकडे लागतात ते नेमके टपाल कार्यालय गाठताना. म्हणजे पत्त्याचा पुढचा भाग 'प्रदेश' सांगतो आणि मागचा भाग 'घर'.

राउटरही पत्त्याचा पुढचा भागच पाहतो. पण किती बिट पाहायचे, हे त्याला सांगावे लागते. त्यासाठी पत्त्याच्या जोडीला आणखी चार संख्या देतात. त्यांना 'मास्क' म्हणतात. मास्कमध्ये जेथे १ आहे तेवढेच बिट पाहायचे, जेथे ० आहे ते झाकून टाकायचे. २५५.२५५.२५५.० हा मास्क द्विमान पद्धतीत असा दिसतो:

११११११११ . ११११११११ . ११११११११ . ००००००००

म्हणजे पहिले २४ बिट पाहा, शेवटचे ८ झाका. आता १९२.१६८.२.२० हा पत्ता घेऊन त्याच्यावर हा मास्क ठेवू या. एकाखाली एक असलेले दोन्ही बिट १ असतील तरच उत्तरात १ येते, एरवी ०:

पत्ता : ११०००००० . १०१०१००० . ००००००१० . ०००१०१००
मास्क : ११११११११ . ११११११११ . ११११११११ . ००००००००
उत्तर : ११०००००० . १०१०१००० . ००००००१० . ००००००००

उत्तर आले १९२.१६८.२.० आणि हे झाले त्या प्रदेशाचे, म्हणजे जाळ्याचे, नाव. शेवटचे २० हा झाला घराचा क्रमांक. हा गुणाकारासारखा साधा हिशेब राउटर एका सेकंदात हजारो वेळा करतो.

दोन जाळ्यांचे घर

आता प्रत्यक्ष पाटी लिहू. कपिलधारच्या परिसरात एका शेतकऱ्याचे घर आहे, असे समजू. घरात इंटरनेट आहे. त्याच्या पेटीला, म्हणजे घरच्या राउटरला, घराच्या बाजूने १९२.१६८.१.१ हा पत्ता आहे. ताईचा संगणक आहे १९२.१६८.१.१० वर. घरापासून ऐंशी मीटरवर गोठा आहे. रात्री बिबट्याची भीती, म्हणून गोठ्यात एक कॅमेरा बसवला आहे. नेहमीची जाळ्याची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा तार टाकून गोठ्यात दुसरा राउटर ठेवला. आता गोठ्याचे वेगळे जाळे तयार झाले: १९२.१६८.२.०. त्यात कॅमेऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.२०.

नुसते वायफाय लांबवर न्यायचे असते, तर दुसऱ्या जाळ्याची गरज नव्हती. गोठ्यातला राउटर नुसता जोडपेटी म्हणून वापरता आला असता. पण कॅमेरे आणि तत्सम यंत्रे घरातल्या संगणकांपासून वेगळ्या जाळ्यात ठेवणे शहाणपणाचे असते. कॅमेऱ्यात कोणी परका शिरला, तरी तो एकदम ताईच्या संगणकाशेजारी येऊन बसत नाही.

गोठ्यातल्या राउटरला दोन तोंडे आहेत. घराकडच्या तोंडाचा पत्ता १९२.१६८.१.२, तर गोठ्याकडच्या तोंडाचा पत्ता १९२.१६८.२.१. हे दोन तोंडांचे गणित नीट लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तेथेच आहे. मांजरसुंब्याचा चौक जसा केजच्या रस्त्यावरही आहे आणि बीडच्या रस्त्यावरही, तसाच हा राउटर एकाच वेळी दोन्ही जाळ्यांत उभा आहे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते इंटरनेटवर कोणाच्याच मालकीचे नसतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. म्हणून बीडच्या घरात आणि नागपूरच्या घरात एकच १९२.१६८.१.१० असू शकतो. पण एकाच घरातल्या दोन जाळ्यांना मात्र एकच नाव चालणार नाही. महाराष्ट्रात पिंपळगाव नावाची गावे पुष्कळ आहेत. एकाच चौकात दोन दिशांना 'पिंपळगाव' अशा दोन पाट्या असतील, तर वाटसरूने जावे कोणीकडे? कारखान्यातून येताना पुष्कळ राउटरांना १९२.१६८.१.१ हाच पत्ता दिलेला असतो. म्हणून दुसरा राउटर जोडण्यापूर्वी त्याचे आतले जाळे बदलून १९२.१६८.२.० करावयाचे, हे पहिले काम.

पाकीट हरवते ते कोठे?

ताईने संगणकावरून कॅमेऱ्याला पाकीट पाठवले. मुक्काम १९२.१६८.२.२०. हा पत्ता आपल्या जाळ्यातला नाही, असे संगणकाला मास्क लावून कळले. तेव्हा त्याने पाकीट घरच्या राउटरच्या हवाली केले. घरच्या राउटरच्या तक्त्यात सध्या दोनच ओळी आहेत:

१) १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.० – हे तर आपल्याच अंगणात, थेट द्या.
२) ०.०.०.०, मास्क ०.०.०.० – इंटरनेट कंपनीकडे द्या.

दुसरी ओळ मोठी मजेदार आहे. तिच्या मास्कमध्ये सगळीच शून्ये आहेत. कोणताही पत्ता या मास्कखाली ठेवा, उत्तर ०.०.०.० च येते! म्हणजे ही ओळ जगातल्या प्रत्येक पत्त्याला लागू पडते. चौकात 'इतर सर्व गावे' अशी पाटी असावी तशी ही आहे. तिला 'डिफॉल्ट रूट' म्हणतात.

आपले पाकीट पहिल्या ओळीत बसत नाही. मग ते दुसऱ्या ओळीने थेट इंटरनेट कंपनीकडे निघते. तेथे खाजगी पत्त्यांना वाट नाही, म्हणून ते टाकून दिले जाते. कॅमेरा ऐंशी मीटरवर आहे आणि पाकीट मात्र गाव सोडून दूर गेले! राउटरला आपण दोष देऊ शकत नाही. गोठ्याची पाटीच तेथे नव्हती.

पाटी लिहू या

घरच्या राउटरच्या मांडणीचे पान संगणकावर उघडावे. 'स्टॅटिक रूट' किंवा 'स्टॅटिक राउटिंग' नावाची जागा तेथे असते. पुष्कळदा ती 'ॲडव्हान्स्ड' या भागात दडलेली असते, आणि इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही पेट्यांत ती मुळीच नसते. तेथे तीन गोष्टी भरावयाच्या:

मुक्कामाचे जाळे : १९२.१६८.२.०
मास्क : २५५.२५५.२५५.०
गेटवे, म्हणजे पुढचा चौक : १९२.१६८.१.२

संख्या अर्थातच इंग्रजी अंकांत भरावयाच्या आहेत.

तिसऱ्या ओळीत १९२.१६८.१.२ का? १९२.१६८.२.१ का नाही? दोन्ही पत्ते एकाच राउटरचे तर आहेत! येथे बरेच जण अडखळतात. पण विचार करा. मांजरसुंब्याच्या पाटीवरचा बाण मांजरसुंब्यातून फुटणाऱ्या रस्त्याकडेच हवा. कोठे तरी पलीकडे असलेल्या रस्त्याकडे बाण दाखवून काय उपयोग? घरच्या राउटरला १९२.१६८.१ ने सुरू होणारे शेजारीच ओळखता येतात. १९२.१६८.२.१ हे तोंड त्याला दिसतच नाही. तेथे कसे जायचे, हेच तर आपण त्याला सांगत आहोत! म्हणून पुढचा चौक नेहमी आपल्या शेजारचाच असावा लागतो.

हे झाल्यावर गोठ्यातल्या राउटरकडे वळा. त्याचा डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१ असावयास हवा, म्हणजे 'इतर सर्व गावे' घरच्या राउटरकडे. शिवाय घरगुती राउटरमध्ये 'नॅट' नावाची सोय सुरू असते. ती बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून राउटरचा स्वतःचा पत्ता घालते. इंटरनेटशी जोडलेल्या घरच्या राउटरमध्ये ती आवश्यक आहे, पण गोठ्यातल्या राउटरमध्ये ती बंद करावी. त्या राउटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, घरच्या जाळ्यातून येणाऱ्या पाकिटांपुरती खुली करावी लागते. दोन्ही राउटरांच्या जुन्या नोंदी आधी वहीत उतरवून ठेवाव्यात आणि घरातल्या मोठ्यांना विचारूनच हे काम करावे, हे वेगळे सांगावयास नकोच.

जाणे झाले, येण्याचे काय?

आता एक प्रयोग करू. घरच्या राउटरमधली आपण लिहिलेली ओळ थोडा वेळ काढून टाका. गोठ्यातल्या जाळ्यात एक संगणक जोडा. समजा, त्याला १९२.१६८.२.२५ हा पत्ता मिळाला. त्यावरून घरच्या राउटरला हाक मारा. ही हाक मारण्याची आज्ञा आहे 'पिंग', आणि तिच्यापुढे १९२.१६८.१.१ हा पत्ता लिहावयाचा.

हाक पोहोचेल का? होय, पोहोचेल. गोठ्यातला राउटर दोन्ही जाळ्यांत उभा आहे, त्यामुळे तो पाकीट बरोबर घरच्या राउटरला देईल. पण संगणकाच्या पडद्यावर उत्तर येणार नाही. का बरे? घरचा राउटर उत्तराचे पाकीट तयार करतो, त्यावर १९२.१६८.२.२५ असा मुक्काम लिहितो, तक्ता पाहतो आणि गोठ्याची पाटीच नसल्याने ते इंटरनेटकडे पाठवून देतो! हाक ऐकू गेली, ओ दिली गेली, पण ती ओ भलतीकडेच गेली.

आता ती ओळ पुन्हा लिहा आणि हाक मारा. क्षणात उत्तर येईल.

या प्रयोगातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की, जाण्याची वाट आणि येण्याची वाट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बीडहून कपिलधारला जाण्याच्या पाट्या लावल्या, म्हणून परत येण्याच्या पाट्या आपोआप लागत नाहीत. उत्तर आले नाही की आपण म्हणतो, "पाकीट पोहोचलेच नाही." पुष्कळदा ते पोहोचलेले असते, हरवलेले असते ते उत्तर. म्हणून स्थिर मार्ग लिहिताना प्रत्येक चौकात उभे राहून दोन प्रश्न विचारावे: येथून पुढे कसे जायचे? आणि येथून मागे कसे यायचे?

फिरत राहणारे पाकीट

एखाद्याला वाटेल, "१९२.१६८.२.० एवढेच कशाला लिहा? पुढे आणखी जाळी केली तर? १९२.१६८ ने सुरू होणारे सगळेच गोठ्याकडे पाठवू." म्हणून त्याने मुक्काम १९२.१६८.०.० आणि मास्क २५५.२५५.०.० लिहिला. वरवर पाहता काम चालते. पण कोणी चुकून १९२.१६८.७.५ असा पत्ता टाकला, तर? असे जाळे घरात कोठेच नाही. घरचा राउटर म्हणतो, "गोठ्याकडे जा." गोठ्यातल्या राउटरला ते माहीत नाही. तो म्हणतो, "इतर सर्व गावे, घराकडे जा." घर पुन्हा म्हणते, "गोठ्याकडे जा." पाकीट चेंडूसारखे इकडून तिकडे फिरत राहते.

ते जन्मभर फिरत राहिले असते, पण इंटरनेटची रचना करणाऱ्यांनी याचा विचार करून ठेवला आहे. प्रत्येक पाकिटावर एक आयुष्य-अंक लिहिलेला असतो. तो सुरुवातीला बहुधा ६४ किंवा १२८ असतो. प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. अंक शून्य झाला की पाकीट टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला तसे कळवायचे, असा नियम आहे.

या नियमाचा एक सुंदर उपयोग अमेरिकेतील व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये केला. त्यांनी आयुष्य-अंक मुद्दाम १ ठेवून पाकीट पाठवले. ते पहिल्याच राउटरवर संपते आणि तो राउटर "येथे संपले" असे कळवतो. मग अंक २ ठेवायचा, मग ३. अशा रीतीने वाटेतले सगळे चौक एकामागून एक आपली नावे सांगतात! ही युक्ती आज प्रत्येक संगणकात आहे. विंडोज असेल तर 'ट्रेसर्ट', लिनक्स असेल तर 'ट्रेसरूट' ही आज्ञा द्या. आपल्या घरात ताईच्या संगणकावरून कॅमेऱ्याची वाट शोधली, तर पहिला चौक १९२.१६८.१.१, दुसरा १९२.१६८.१.२ आणि मग कॅमेरा, असे दिसावयास हवे.

एका ओळीने जग अडले

आपल्या तक्त्यात आता तीन ओळी आहेत. १९२.१६८.२.२० हा पत्ता गोठ्याच्या ओळीतही बसतो आणि 'इतर सर्व गावे' या ओळीतही. मग राउटर कोणती ओळ निवडतो? नियम असा आहे की, जिच्या मास्कमध्ये जास्त १ आहेत, म्हणजे जी ओळ पत्त्याचे जास्त बिट जुळवते, ती निवडायची. पिन कोडचे पहिले तीनच आकडे जुळणाऱ्या कप्प्यापेक्षा सहाही आकडे जुळणारा कप्पा बरा, तसेच हे.

हा नियम साधा आहे, पण त्याची ताकद २४ फेब्रुवारी २००८ रोजी सगळ्या जगाने पाहिली. पाकिस्तान सरकारने आपल्या देशात 'यूट्यूब' बंद करण्याचा आदेश दिला होता. तेथील टेलिफोन कंपनीने त्यासाठी यूट्यूबची पाकिटे कोठेच न नेणारा एक मार्ग लिहिला. यूट्यूबने जगाला कळवलेली ओळ होती २०८.६५.१५२.० आणि ती २२ बिटांची होती. पाकिस्तानात लिहिलेली ओळ होती २०८.६५.१५३.० आणि ती २४ बिटांची, म्हणजे यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांपैकी २५६ पत्त्यांपुरती. यूट्यूबचे चालू पत्ते नेमके या २५६ मध्ये होते. ही ओळ देशापुरतीच राहावयास हवी होती. पण ती चुकून बाहेर पडली. हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीने ती तपासून न पाहता पुढे कळवली, आणि काही मिनिटांत जगभरच्या राउटरांनी ती उचलली. त्यांचा नियम ठरलेला: २२ पेक्षा २४ बिट जास्त! यूट्यूबकडे निघालेली पाकिटे पाकिस्तानकडे वळली आणि तेथे नाहीशी झाली. हा गोंधळ सुमारे सव्वादोन तास चालला. यूट्यूबने तोडही त्याच नियमाने काढली: आधी २४ बिटांची आणि मग त्याहून नेमकी २५ बिटांची ओळ जगाला कळवली. शेवटी हाँगकाँगच्या कंपनीने चुकीची ओळ मागे घेतली.

राउटर कोणावरही संशय घेत नाही, पाटीवर जे लिहिले आहे ते तो पाळतो. म्हणून पाटी लिहिणाऱ्याने काळजी घ्यावयाची असते.

मग सगळ्या पाट्या हातानेच लिहाव्या का?

नाही. हाताने लिहिलेल्या पाटीचा एक मोठा दोष आहे. तिला पलीकडे काय घडले ते कळत नाही. घाटात दरड कोसळली, तरी पाटीवरचा बाण त्याच घाटाकडे राहतो. म्हणून मोठ्या जाळ्यांतले राउटर एकमेकांशी सतत बोलतात, रस्ता बंद झाला की एकमेकांना कळवतात आणि तक्ता आपला आपण बदलतात. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्यासाठी त्यांतले पुष्कळ राउटर हॉलंडचे शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली गणिती रीत वापरतात.

पण आपल्या गोठ्याकडे जाणारी तार एकच आहे. ती तुटली तर दुसरी वाटच नाही. मग राउटरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे तरी काय? जेथे वाट एकच आहे आणि बदलणार नाही, तेथे हाताने लिहिलेली एक ओळ पुरते.

करून पाहा

राउटर नसला तरी हा खेळ वर्गात खेळता येईल. सहा मित्रांनी अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, पाटोदा आणि कपिलधार व्हावे. केज शेजारी फक्त अंबाजोगाई आणि मांजरसुंबा यांना ओळखतो. मांजरसुंबा केज, बीड, पाटोदा आणि कपिलधार यांना ओळखतो. बाकीचे चौघे एकेकाच शेजाऱ्याला ओळखतात: अंबाजोगाई केजला, इतर तिघे मांजरसुंब्याला. प्रत्येकाने आपली पाटी कागदावर लिहावी: 'अमक्या गावाचे पाकीट अमक्या शेजाऱ्याला द्या.' मग अंबाजोगाईने पाटोद्याला चिठ्ठी पाठवावी आणि पाटोद्याने उत्तर द्यावे. कोणीही बोलायचे नाही, फक्त आपली पाटी वाचायची. नंतर केजच्या पाटीवरची अंबाजोगाईची ओळ खोडा आणि उत्तर कोठे अडकते ते पाहा.

आता एक कोडे. गोठ्याच्या पलीकडे विहिरीवर तिसरा राउटर बसवला. त्याचे गोठ्याकडचे तोंड १९२.१६८.२.२ आणि विहिरीचे जाळे १९२.१६८.३.०. तर घरच्या राउटरमध्ये आणि गोठ्यातल्या राउटरमध्ये विहिरीसाठी पुढचा चौक कोणता लिहाल? दोन्हीकडे उत्तर एकच आहे का? आधी स्वतः विचार करा आणि मगच पुढे वाचा.

उत्तर : गोठ्यातल्या राउटरमध्ये १९२.१६८.२.२ लिहावयाचे, कारण तो त्याचा शेजारी आहे. घरच्या राउटरमध्ये मात्र पुन्हा १९२.१६८.१.२ च. त्याने पाकीट गोठ्यापर्यंत पोहोचवावे, पुढचे गोठा पाहील. आणि विहिरीवरच्या राउटरचा डिफॉल्ट गेटवे? तो म्हणजे परतीची वाट. तो तुम्हीच शोधून काढा.